लक्ष्मीताईंनी मागितलेली एकच खेळाडू

आमच्या उदय क्रीडा मंडळाचा महिला बास्केटबॉल संघ एका मोसमात रिकामा झाला, आणि तोही चांगल्या बातम्यांनी. दोघी रेल्वेत लागल्या, एक पोलीस दलात गेली आणि सगळ्यांत उंच होती ती लग्न करून बडोद्याला गेली. खात्यात नोकरी लागली की त्या खात्याकडूनच खेळायचं असतं, त्यामुळे तिघी मुंबईत असूनही आमच्या राहिल्या नाहीत. प्रत्येक बातमीला आमच्या कोच लक्ष्मी घाडी पेढ्यांचा पुडा घेऊन कोर्टावर आल्या. शेवटच्या पुड्याला मी विचारलं, "ताई, आता उरलं कोण?"

"पेढा खा आधी," त्या म्हणाल्या.

उरल्या होत्या शाळा-कॉलेजातल्या मुली. अंगावर सिनिअर संघाचे ढगळ टी-शर्ट, आणि सामन्याचा अनुभव म्हणाल तर पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचा. त्यांना घेऊन मोसमाचे राहिलेले सामने खेळलो, सगळे हरलो आणि लीगच्या वरच्या विभागातून खाली ब विभागात घसरलो. मी मंडळाची सहचिटणीस. पूर्वी लक्ष्मीताईंच्याच हाताखाली खेळले होते, बेताचीच. तो घसरल्याचा निकाल फळ्यावर मीच लिहिला, म्हणून नीट लक्षात आहे.

लक्ष्मीताईंबद्दल थोडं सांगते. त्या जन्मल्या आमचं कोर्ट आहे त्या घोडपदेवलाच, गाव मालवणकडे. वडील गिरणीत होते. संपाच्या वर्षी त्या सहावीत होत्या. वडील गावी गेले, आई शेजारपाजारच्या माणसांना डबे करून द्यायची, आणि खोलीत डब्यांचा इतका पसारा असायचा की मुलीला अभ्यासालाही बाहेर बसावं लागायचं. ती जाऊन बसायची ती आमच्या कोर्टाच्या कठड्यावर. मोठी मुलं दमून पाणी प्यायला गेली की तेवढ्यात उतरून बॉल रिंगमध्ये टाकून बघायची. एक दिवस मुलं पाणी पिऊन परत आली आणि कठड्याला टेकून तिचं टाकणं बघत बसली. त्यातले एक आमचे आजचे अध्यक्ष अच्युत धैर्यवान. राहणारे ठाकूरद्वारचे, पण कॉलेजातल्या मित्रांबरोबर इथे खेळायला यायचे, आणि पुढे चार्टर्ड अकाउंटंट होऊन स्वतःचं ऑफिस थाटलं तरी हे कोर्ट काही सुटलं नाही. त्यांनीच तिला संघात घ्यायला लावलं. लक्ष्मीताई महाराष्ट्राकडून खेळल्या, खेळावर पोस्टात नोकरी लागली, आणि खेळणं थांबल्यावर त्याच कोर्टावर शिकवायला लागल्या. सकाळी सराव घेऊन ऑफिस, ऑफिसातून सुटून पुन्हा सराव.

त्या घसरणीनंतर मंडळाच्या खोलीत बैठक झाली. अच्युतभाई तयारीने आले होते.

"लक्ष्मी, ऐक," ते म्हणाले. "दादरच्या त्या क्लबने महिला संघ बंद केलाय. देविका, शेवंती आणि त्यांच्याबरोबरची ती डावखुरी, तिघी मोकळ्या आहेत. तिघींना घेऊ. एका वर्षात वर जाऊ. तोवर तुझ्या पोरी मोठ्या होतील."

"बाकावर बसून?"

"बघून शिकतील."

"अच्युतभाई, तुम्ही इतकी वर्षं माझं कोचिंग बघताय. उद्या सकाळी मी नाही आले तर सराव घ्याल?"

अच्युतभाईंना हसू आलं, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. आणि तो मुद्दा काही चुकीचा नव्हता. हरणाऱ्या संघाकडे नवीन मुली येत नाहीत, आलेल्यांचे आईबाप काढून घेतात, आणि ज्या कोर्टावर संघच नाही ते कोर्ट पार्किंगला जायला वेळ लागत नाही. हे त्यांनी शांतपणे मांडलं. समितीतल्या एकाने उलट टोक गाठलं. तो म्हणाला, "बाहेरचं कोणीच नको. आपल्याच मुली खेळवू. हरल्या तर हरल्या."

मला वाटलं लक्ष्मीताई मान डोलावतील. त्या म्हणाल्या, "तसंही नको."

मग त्यांनी एक सांगितलं, जे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्या एकतिशीच्या होत्या तेव्हा राज्याच्या निवड समितीने ठरवलं की आता नवी पिढी. सगळ्या सिनिअर मुली एकदम वगळल्या. नव्या मुली राष्ट्रीय स्पर्धेला गेल्या आणि एकही सामना न जिंकता परतल्या.

"त्या पोरी वाईट नव्हत्या," लक्ष्मीताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा दोघी चांगल्या होत्या. पण सामन्यात गडबडल्या तेव्हा विचारायला आत कोणी नव्हतं. मी इथे पोस्टात पत्रं लावत बसले होते. त्यातल्या चार जणींनी नंतर खेळणंच सोडलं."

अच्युतभाईंनी विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?"

"पोरीच खेळतील. पण मला एक मोठी खेळाडू द्या. एकच."

"देविका," दोघे-तिघे एकदम म्हणाले. साहजिकच होतं. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण तिचे होते.

"शेवंती," लक्ष्मीताई म्हणाल्या.

शेवंती छत्तीस वर्षांची. आजीचं नाव ठेवलेली, आणि खेळही आजीसारखाच, असं दादरच्याच मुली चेष्टेने म्हणायच्या. धावायला मंद, उडी नावालाच, एका सामन्यात दोन-तीन बास्केट केले तरी खूप. अच्युतभाईंनी चष्मा काढून पुसला. "तिला घेऊन करायचं काय?"

"ती बोलते," लक्ष्मीताई म्हणाल्या.

ज्यांनी बास्केटबॉल खेळलेलं नाही त्यांना हे कारण विचित्र वाटेल. पण बचाव करणाऱ्या खेळाडूचे डोळे समोरच्या खेळाडूवर असतात. तिच्या पाठीमागून कोण धावत येतंय, कोण वाट अडवायला उभं आहे, हे तिला दिसत नाही. मागून कोणीतरी ते सांगावं लागतं, ओरडून, आणि वेळेत. शेवंती हे पूर्ण सामनाभर करायची. आमच्या मुली मात्र कोर्टाबाहेर कावळ्यांसारख्या आणि आत गेल्या की मुक्या.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीताई मला घेऊन लालबागला गेल्या. शेवंती तिथे एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. एक म्हातारे गृहस्थ फ्रेम पसंत करत होते, ते जाईपर्यंत आम्ही बाजूला उभ्या राहिलो. शेवंतीने आम्हाला बघितलं होतं. मोकळी झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "देविकाचा नंबर हवाय ना? देते. पण तिला परळचा क्लब घेतोय असं ऐकलंय. लवकर फोन करा."

"तुझ्यासाठी आलोय," लक्ष्मीताई म्हणाल्या.

काउंटरवरच्या फ्रेम शेवंतीने एकेक करून जागेवर ठेवल्या. मग म्हणाली, "ताई, माझा गुडघा सकाळी जिना उतरू देत नाही."

"संध्याकाळी देतो ना?"

"संध्याकाळी देतो."

"मग संध्याकाळी ये."

शेवंतीने एकच अट घातली. "पोरींवर मी ओरडते हां. दादरला तक्रारी यायच्या माझ्या."

"ओरडण्यासाठीच बोलावतेय," लक्ष्मीताई म्हणाल्या.

सराव सुरू झाला. पहिले काही आठवडे तर बॉल खोलीत कुलपात. मुलींनी बचावाला उभं राहायचं, मागून हाक आली तरच हलायचं, हाक देणारी चुकली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्या जागी. मुलींना याचा भयंकर कंटाळा यायचा. आजूबाजूच्या इमारतींतून बघणाऱ्यांना वाटायचं यांचा बॉल हरवलाय. एका काकांनी तर वरून विचारलंही.

या मुलींत प्राची सगळ्यांत चांगली. वय सतरा, वडील टेम्पो चालवायचे. पाय चपळ, हात पक्के, बॉल कुठे जाणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं. पण बोलायची नाही. शेवंतीचा आवाज कोर्टभर, आणि प्राचीच्या तोंडून हूं की चूं नाही. लक्ष्मीताई रागावल्या की मालवणीत शिरायच्या. "प्राची, देवान तोंड कित्याक दिल्यान गो?" प्राची हसायची आणि पुन्हा गप्प.

पहिला मोसम फार वाईट गेला. ब विभागातही आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलो. परळच्या क्लबने आम्हाला अक्षरशः धुतलं. देविका त्यांच्याकडे गेली होती, आणि आमच्या मुली तिच्याभोवती नुसत्या धावत होत्या. त्या सामन्यानंतर मुली माना खाली घालून बसलेल्या. लक्ष्मीताईंनी ओरडा दिला नाही. एवढंच विचारलं, "आत कोणाचा आवाज ऐकू आला?"

"शेवंतीताईंचा," एक जण म्हणाली.

"आणखी कोणाचा?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. "बरं," म्हणून त्या उठल्या.

अच्युतभाई फाटकापाशी थांबले होते. म्हणाले, "लक्ष्मी, ती डावखुरी अजून मोकळी आहे. बघ बाई." त्याच आठवड्यात एका मुलीची आई कोर्टावर आली. मुलगी रोज रडत घरी येते, हरायलाच पाठवायची का, असं तिचं म्हणणं. लक्ष्मीताई तिच्याबरोबर घरी गेल्या, चहा घेतला, तासभर बसल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलगी आली.

लक्ष्मीताईंना तेव्हा स्वतःची खात्री होती असं मात्र समजू नका. एकदा मी कामासाठी त्यांच्या घरी गेले होते. त्यांचे यजमान रघुभाऊ, बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, पंख्याची दुरुस्ती करत बसले होते. लक्ष्मीताई भाजी निवडत होत्या. मध्येच म्हणाल्या, "माझं चुकतंय काय हो? माझ्या हट्टापायी पोरी मार खातायत."

रघुभाऊंनी पंख्यातून मान वर काढली नाही. "हरतायत खऱ्या," ते म्हणाले. "सरावाला येतायत ना पण?"

लक्ष्मीताईंनी विचार केला. मग माझ्याकडे बघितलं, कारण हजेरी मी घ्यायची. मी म्हटलं, "सगळ्या येतायत."

"मग ती भाजी नीट निवड," रघुभाऊ म्हणाले, "आळी गेली होती काल."

पुढच्या मोसमात फरक दिसू लागला. तो आधी गुणांत नाही, समोरच्या संघाच्या चेहऱ्यांवर दिसला. सोपा बास्केट मिळेना झाला की खेळाडू वैतागतात, एकमेकींवर चिडतात. आमच्याविरुद्ध तसं होऊ लागलं. शेवंती मागे उभी राहून संघ चालवायची आणि मुली तिच्या आवाजावर दोरी ओढल्यासारख्या हलायच्या. एक सामना जिंकलो, मग लागोपाठ काही. साखळीतला शेवटचा सामना पुन्हा परळशी पडला, आणि जो जिंकेल तो वर जाणार असं गणित झालं.

घोडपदेवची निम्मी वस्ती बघायला आली होती. तिसरा क्वार्टर संपायला आला तेव्हा बरोबरी होती. शेवंतीने टाइमआउट मागायला लावला आणि लंगडत बाजूला येऊन म्हणाली, "ताई, मला बसवा."

"गुडघा?"

"गुडघा रोजचाच. मी आत असले की पोरी माझ्या आवाजाची वाट बघतात, मग हलतात. देविकाला ते कळलंय. माझा आवाज निघायच्या आधी ती निघते. त्यांना स्वतः बघून बोलायला हवं, आणि मी आत आहे तोवर त्या बोलणार नाहीत."

बाकामागून अच्युतभाई म्हणाले, "लक्ष्मी, आज नको. आज जिंकू दे. पुढच्या वर्षी काय ते कर."

लक्ष्मीताईंनी शेवंतीकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

आणि त्यांनी तिला बसवलं. मी गुणांच्या टेबलावर होते. शेवंती बाहेर गेल्याबरोबर कोर्टावर इतकी शांतता झाली की बुटांचा आवाज ऐकू यायला लागला. देविकाने एक बास्केट केला, मग दुसरा, मग तिसरा. लोक ओरडायला लागले, शेवंतीला आत घ्या. शेवंती तोंडावर हात दाबून बसली होती, अक्षरशः, आवाज निघू नये म्हणून. लक्ष्मीताई हाताची घडी घालून उभ्या. हातात अजून एक टाइमआउट होता, तोही घेतला नाही.

मग "मागे" असं कोणीतरी म्हणालं. इतकं हळू की मला वाटलं भास झाला. पुन्हा आलं, जरा मोठ्याने, "मागे, डावीकडे." प्राची होती. जिला सांगितलं ती डावीकडे सरकली, आणि देविका येऊन तिच्यावर आदळली. पंचांनी फाउल देविकाचा धरला आणि बॉल आमच्याकडे आला. त्यानंतर प्राची थांबलीच नाही. तिच्या मागोमाग दुसरी बोलू लागली, मग सगळ्याच. काही चुकीचं सांगत होत्या, दोघी एकमेकींवर आदळल्याही, पण आमच्या पाचही मुली एकाच वेळी बोलतायत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये देविकाला मोकळी जागाच मिळाली नाही. आम्ही बरोबरी केली, पुढे गेलो, मागे पडलो. शेवटी एका बास्केटने हरलो.

परळचा संघ वर गेला. अच्युतभाई खुर्चीवर बसून होते, कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. लक्ष्मीताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "अच्युतभाई, ऐकलंत ना?"

"हरलो आपण, लक्ष्मी."

"ते दिसलंच. पण ऐकलंत ना?"

अच्युतभाईंनी कोर्टाकडे बघितलं. मग म्हणाले, "ऐकलं. ती टेम्पोवाल्याची मुलगी. आवाज आहे तिला."

शेवंती तोवर मुलींच्या घोळक्यात होती आणि प्राचीला सांगत होती की डावीकडे म्हणालीस तेव्हा उजवीकडे म्हणायला हवं होतं, दोनदा. प्राची तिच्याशी वाद घालत होती.

यानंतर जे झालं त्याने मी खरी चकित झाले. महिन्याभराने देविका कोर्टावर आली. तिचा क्लब वरच्या विभागात गेलेला, आणि ही आमच्या ब विभागातल्या संघात जागा आहे का विचारायला आलेली. म्हणाली, "दोन वर्षं मी एकटीच खेळतेय. तुमच्याकडे पाच जणी खेळतात."

मला वाटलं लक्ष्मीताई नाही म्हणतील. इतकं सोसून उभा केलेला संघ. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ये."

ती गेल्यावर मी न राहवून म्हटलं, "ताई, दोन वर्षांपूर्वी हीच तर मिळत होती."

"तेव्हा आली असती तर प्राची तिला बॉल देऊन नुसती बघत उभी राहिली असती," लक्ष्मीताई म्हणाल्या. "सगळ्याच राहिल्या असत्या. आता नाही राहणार. आता येऊ दे की. मला काय मोठ्या खेळाडू नकोत असं थोडंच आहे? आणि गुण करणारी आपल्याकडे आहे कोण?"

पहिल्याच सरावात प्राचीने देविकाला जागा सोडल्याबद्दल सुनावलं. "देविकाताई, मागे बघा जरा." लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारी ती बाई क्षणभर थबकली, आणि मागे सरकली. कठड्यावर बसलेले अच्युतभाई माझ्याकडे बघून खुशीत हसले.

त्या मोसमात आम्ही वर गेलो, सहज. गेल्या वर्षी वरच्या विभागात मधल्या जागेवर राहिलो. प्राचीला रेल्वेच्या निवड चाचणीचं बोलावणं आलंय आणि ती जाईल असं दिसतंय. अच्युतभाईंनी बैठकीत उसासा टाकला, "म्हणजे पुन्हा रिकामं." लक्ष्मीताई त्यावर म्हणाल्या की प्राची जाईपर्यंत तिला लहान मुलींचा सराव घ्यायला लावायचा, आणि पुढचा विषय घ्या.

लक्ष्मीताई आता पोस्टातून स्वेच्छानिवृत्ती घ्यायच्या बेतात आहेत. शेवंतीने खेळणं थांबवलं. दुकान सांभाळून संध्याकाळी ती चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. गेल्या आठवड्यात नव्या मुलींची निवड होती. काळाचौकीहून दोन मुली आल्या होत्या, एक ताडमाड उंच, दुसरी बुटकी आणि भारी भांडखोर. शेवंतीला उंच हवी होती, लक्ष्मीताईंना बुटकी. दोघी कोर्टाच्या मधोमध उभ्या राहून वाद घालत होत्या, आणि त्या दोन मुली बॉल हातात धरून यांचं कधी संपतंय याची वाट बघत होत्या. अंधार पडायला लागला तसं मी जाऊन दोन्ही मुलींची नावं यादीत लिहून घेतली.